प्रवाळाच्या उवा

ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या बोवेन गावात ज्या बाईचे केस डेल्मा वॉर्बी कापत नाही, ती एक तर गावात नवीन असते, नाहीतर तिचं डेल्माशी वाजलेलं असतं. वाजलेल्या बायकाही दोन-तीन महिन्यांनी मुकाट्याने परत येतात. पुढचं दुकान गाठायचं तर पाऊण तास गाडी हाकायची, आणि तिथली पोरगी कपाळावरचे केस कापते ते हमखास तिरके.

डेल्मा अठ्ठावन्नची. दंड भरदार, आवाज ड्रायरच्या वर चढणारा. शाळा सोडली त्याच उन्हाळ्यात तिने कात्री हातात घेतली, ती अजून खाली ठेवलेली नाही. तिला स्वतःबद्दल कधी शंकाच येत नाही, असं गावात म्हणतात. ती म्हणते, "येते की. पण गिऱ्हाईक खुर्चीत असताना मी तिला दाराबाहेर उभी करते."

दुकान लहान. खुर्च्या दोनच. तिसरीच्या जागी टाकी आहे, माणूस पाय लांब करून झोपेल एवढी, खाऱ्या पाण्याची, आणि तिच्यात मासे थोडे आणि प्रवाळ जास्त. गाव सोडून जाणाऱ्या एका गिऱ्हाइकाने पूर्वी एक छोटी टाकी तिच्याकडे ठेवायला दिली होती. ती बाई परत आली नाही आणि टाकी डेल्माच्या गळ्यात पडली. त्यात लावलेली सांबरशिंगी प्रवाळाची पहिली फांदी मेली. दुसरीही मेली. तिसरी जगली आणि डेल्मा कायमची अडकली. आता केसांना रंग लावून, डोक्याला चांदीचे कागद गुंडाळून बसलेल्या बायका मासिकं उघडत नाहीत. आरशात टाकी दिसते, तीच बघत बसतात. मधोमध तिचं ते मोठं सांबरशिंगी, हाताच्या ओंजळी एकावर एक ठेवाव्यात तसं पसरलेलं, टोकांना जांभळी झाक.

समुद्रातून प्रवाळ तोडायला परवाना लागतो. म्हणून बोवेनचे टाकीवाले एकमेकांनाच फांद्या देतात, शेजारणी जास्वंदीची फांदी देतात तशी. दर थंडीत सगळे बायकांच्या मंडळाच्या हॉलमध्ये जमतात, घरून केक आणतात, फांद्यांची अदलाबदल करतात आणि आपलंच प्रवाळ कसं भारी यावरून भांडतात. त्या वर्षी सगळ्यात जास्त फांद्या वाटल्या डेल्माने. सगळ्यांनी तिची जांभळी टोकंच मागितली. हॉलमधून ती अशी ताठ मानेने निघाली, की नवरा नेव तिला म्हणाला, "दार उंच आहे गं, पण तरी जपून."

त्यानंतर महिनाभराने मर्लिंडा खुर्चीत बसली होती. मर्लिंडा इस्पितळात नर्स, मूळची फिलिपिन्सची, गावात येऊन बरीच वर्षं झालेली. तिच्याही घरी टाकी. डेल्मा तिच्या मानेवरचे केस सारखे करत होती.

"डेल्मा," मर्लिंडा आरशात बघून म्हणाली, "तुझं ते मोठं जरा उतरल्यासारखं नाही वाटत?"

"दिवे बदललेत. नवीन दिव्याखाली आठवडाभर रुसतं ते."

"मागच्या खेपेला म्हणालीस पाणी बदललंय म्हणून."

"पाणीही बदललं होतं. मान खाली घाल."

मर्लिंडाने मान खाली घातली आणि तशीच बोलली, "कारण माझंही असंच व्हायला लागलंय. तू दिलेलंच. बुडाशी फिक्कट गोल गोल डाग. आणि माझे दिवे जुनेच आहेत."

कात्री थांबली. मर्लिंडाला मानेवर तिचा गारवा लागत राहिला.

"काय गं?"

"काही नाही," डेल्मा म्हणाली. "उद्या सकाळी सांगते."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ती आली. येताना स्वयंपाकघरातून रबरी फुग्याची पिचकारी घेऊन आली, ओव्हनमधल्या मांसावर रस सोडायची. टाकीतले पंप बंद केले. पाणी स्थिर झालं. मग पिचकारीत टाकीतलंच पाणी भरून तिने मोठ्या सांबरशिंगीच्या बुडावर एक जोराचा फवारा मारला.

काहीच झालं नाही. तिने दुसरा मारला.

प्रवाळाच्या अंगावरून एक पातळ चकती सुटली. माशाचा खवला सुटावा तशी गरगरत खाली यायला लागली, आणि मध्येच आखडली. खवला आखडत नाही. डेल्माने तिसरा फवारा मारला. आणखी चार सुटल्या. एक तिने चमच्यात धरून वर काढली आणि खिडकीशी नेली. नखाएवढा चपटा किडा. ज्या प्रवाळाला खाल्लं त्याचाच रंग अंगात भरलेला. म्हणून तर तो अंगावर बसून जेवत असताना इतके दिवस कुणाला दिसला नव्हता.

ती गुडघ्यांवर बसली, पोरांच्या डोक्यात बघायचं भिंग काढलं आणि काचेला नाक लावून प्रवाळाच्या बुडाशी बघितलं. जिथे मांस खाऊन हाड उघडं पडलं होतं, तिथे तपकिरी ठिपके रांगेने चिकटून बसले होते. हे मात्र तिला ओळखीचं होतं. जन्मभर तिने हेच पाहिलं होतं, फक्त केसांत.

"लिखा," ती मोठ्याने म्हणाली. दुकानात कुणी नव्हतं.

नेव आंबे धुऊन पेट्यांत भरायच्या शेडमध्ये जन्म काढून गुडघ्यामुळे घरी बसलेला माणूस. दुपारी तो पंप साफ करायला आला तेव्हा तिने त्याला चमच्यातला किडा दाखवला.

"मग? औषधाच्या पाण्यात बुडवायचं आणि काय," नेव म्हणाला.

"माझं बुडवीन रे. पण मी फांद्या किती जणांना दिल्या? मर्लिंडाला, बेवनला, हॉलमध्ये त्या दिवशी जो समोर आला त्याला."

"आपापले डाग त्यांना दिसले की ते बुडवतील त्यांचं."

"दिसेपर्यंत अर्धं खाल्लेलं असेल."

नेवने गुडघा चोळला. "डेल्मा, किडा काय गळ्यात नावाची पाटी घालून फिरतो? तुझ्याकडून गेला कशावरून? तू कशाला आपण होऊन अंगावर घेतेस?"

"शाळेत उवा झाल्या होत्या ते वर्ष आठवतंय?"

"झालं. आता उवा."

"ऐक तर. प्रत्येक आई म्हणायची, आमच्या पोरीला नाहीत. लाजेने. लपूनछपून औषध लावायची, मागच्या दाराने. एकीचं डोकं साफ झालं की दुसरीच्या डोक्यातून परत यायच्या. अख्खं वर्ष गेलं. शेवटी मी शाळेत जाऊन खुर्ची टाकून बसले आणि सगळ्यांना एकाच दिवशी विंचरलं, हेडमास्तरीणबाईंसकट. तेव्हा संपल्या. एकटीने विंचरून उवा जात नाहीत, नेव."

"पण तुझ्या टाकीत आल्या तरी कुठून?"

"कुठून आल्या हे शोधत बसणारी आई फणी हातात घेत नाही," डेल्मा म्हणाली आणि फोन उचलला.

फोनवर तिने आडवळण घेतलं नाही. "डेल्मा बोलतेय. मी दिलेल्या फांदीबरोबर तुझ्याकडे किडे आलेत. येत्या सोमवारी दुकान बंदच आहे. तुझ्या टाकीतलं एकूण एक सांबरशिंगी बादलीत घालून घेऊन ये. बाकीची प्रवाळं राहू देत, हा किडा दुसरं काही खात नाही." कुणी हळहळलं, कुणी हसलं, एकीने फोनवरच शिव्या दिल्या आणि मग विचारलं की सोमवारी केक आणू का.

बेवन बेकरीवाला "बरं," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला.

राहिला क्लॅरी टिकनर. बंदरात जहाजं ओढणाऱ्या टगबोटीचा कप्तान होता, निवृत्त होऊन किती वर्षं झाली ते तोच विसरला असेल, पण कप्तानपण सुटलं नव्हतं. टाकीवाल्यांचा अध्यक्षही तोच. निवडणूक कधी झाली नव्हती. खुर्ची रिकामी होती, तो बसला. त्याचं सांबरशिंगी गावातलं सगळ्यात जुनं, चारजणांच्या जेवणाच्या टेबलाएवढं. डेल्माच्या जांभळ्या टोकांचा उगमही तिथलाच. जुनी फांदी आदल्या वर्षीच्या वादळात वीज जाऊन मेली, तेव्हा या ईस्टरला त्यानेच नवी, चांगली ताटाएवढी दिली होती.

"माझ्या टाकीत किडे?" क्लॅरी फोनवर गरजला. "डेल्मा, मी टाकी ठेवतोय तेव्हा तू अजून बायकांच्या डोक्यावर रोलर लावायला शिकत होतीस."

"असेन. पण मी लावलेले रोलर अजून कधी सुटले नाहीत. आण बादलीत घालून."

"काही गरज नाही. माझं ठणठणीत आहे. रोज बघतो मी."

"पिचकारी मारून बघितलंस?"

"डोळे आहेत मला!"

"मग वापर की," डेल्मा म्हणाली. पण तोवर फोन बंद झाला होता.

सोमवारी दुकानाच्या दारावर 'बंद' अशी पाटी होती आणि आत पाय ठेवायला जागा नव्हती. केस धुवायच्या दोन्ही कुंड्यांत बादल्या. नेवने फुटपाथवर शेगडी मांडून सॉसेज भाजायला घेतले होते. कांद्याचा वास रस्ताभर. शेजारचा मच्छीवाला येऊन विचारून गेला, की कुणी मेलंय की कुणाचं लग्न आहे.

डेल्माने एप्रन बांधला आणि काम वाटून दिलं. पहिल्या बादलीत औषधाचं पाणी. त्यात प्रवाळ बुडवायचं, काही मिनिटं ठेवायचं आणि पिचकारीने सगळ्या बाजूंनी झोडपायचं. दुसऱ्या बादलीत स्वच्छ खारं पाणी. त्यात खळबळून काढायचं. मग भिंग. भिंगाशी मर्लिंडा बसली.

"औषधाने किडा मरतो," डेल्मा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, म्हणजे नेहमीच्याच. "लिख मरत नाही. लिखेला कवच असतं. म्हणून बुडाचं खाल्लेलं हाड सरळ कापून टाकायचं. जीव नका अडकवू त्यात. वरची फांदी जिवंत असेल तर बूड नवं फुटेल."

"एवढं कापायचं?" फोनवर शिव्या देणाऱ्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"केस आहेत बाई, वाढतील," डेल्मा म्हणाली आणि कापलं.

पहिल्या बादलीच्या तळाशी किडे साचायला लागले. बघता बघता पांढरा तळ तपकिरी दिसायला लागला. आपापल्या घरी, दिवाणखान्यात, रोज कौतुकाने ज्याच्यासमोर बसलो, त्याच्या अंगावर हे होतं. मर्लिंडा भिंगातून मान वर करून म्हणाली, "इस्पितळातसुद्धा मला एवढी किळस आली नव्हती," आणि मग सगळे एकदम हसायला लागले. त्यानंतर हात भराभर चालले.

बेवन दुपारी आला. हातात बादली होती, पण ती रिकामी.

"काय रे? फांद्या कुठे?"

बेवनच्या अंगावर पीठ होतं आणि चेहराही पिठासारखाच. "मला वाटलं, सगळ्यांसमोर कशाला. म्हणून रविवारी घरीच टाकलं औषध."

"बादलीत?"

"टाकीत."

टाकीत औषध टाकलं की किडे मरतात हे खरं. त्यांच्याबरोबर झिंगे मरतात, खेकडे मरतात, शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी मरतात, आणि मग त्यांच्या सडण्याने उरलेलंही मरतं.

डेल्माने पिचकारी खाली ठेवली. "अरे राजा, पोराच्या डोक्यात उवा झाल्या म्हणून तू पोरालाच धरणात ढकललंस की!"

"ढकललं," बेवन म्हणाला. त्याची मान वर होईना.

तिला आणखी दोन वाक्यं बोलायची होती. तिने ती गिळली. "नेव, गाडी काढ. मासे अजून तगले असतील. माझ्या मागच्या पिंपातलं सगळं खारं पाणी याच्याकडे ने. बेवन, घरी जाऊन अर्धं पाणी उपस आणि औषध शोषायला कोळशाची पिशवी लाव. आणि परत येताना पाव आण, सॉसेज नुसते खातायत लोक."

बेवनचे मासे वाचले. झिंगे नाहीत.

आता उरली पुढची गोष्ट. धुतलेलं प्रवाळ परत घरच्या टाकीत ठेवलं, की तिथल्या दगडांवर राहिलेल्या लिखा फुटणार आणि पहिले पाढे पंचावन्न. टाकीत सांबरशिंगीच ठेवलं नाही तर फुटलेल्या पिल्लांना खायला काही मिळत नाही आणि ती उपाशी मरतात. म्हणून प्रवाळं दोनेक महिने दुसरीकडे ठेवणं भाग. नेवने आंब्यांच्या शेडमधून एक कोरा, कधी न वापरलेला धुण्याचा मोठा टब आणला आणि दुकानाच्या मागच्या पडवीत मांडला. दिवे टांगले, पंप लावला. सगळ्या गावाची सांबरशिंगी तिथे एकत्र राहणार. कुणाची कुठली हे कळायचं कसं? डेल्माने केसांचे प्लास्टिकचे रोलर काढले. मर्लिंडाच्या फांद्या गुलाबी रोलरमध्ये उभ्या केल्या, बेवनसाठी तिने आपल्यातल्याच दोन कापून पिवळ्या रोलरमध्ये लावल्या, बाकीच्यांना हिरवे, निळे, पांढरे. टबमध्ये बघितलं की वाटायचं, पाण्याखाली एखादी बाई डोकं सजवून लग्नाला निघालीय.

"एकच टाकी राहिली, क्लॅरीची," संध्याकाळी बादल्या विसळताना मर्लिंडा म्हणाली. "आणि पुढच्या थंडीत तो पुन्हा सगळ्यांना फांद्या वाटणार."

"माहीत आहे," डेल्मा म्हणाली. "उद्या जाते."

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत ती क्लॅरीच्या घरी गेली, टेकडीवरच्या. पिचकारी आणि बादली हातातच होती, लपवली नव्हती. क्लॅरी दारात आला आणि मान जराशी वळवून, कोंबडा बघतो तसं एका बाजूने तिच्याकडे बघत राहिला. गेलं वर्षभर तो तिच्या खुर्चीतही असाच मान वाकडी करून बसायचा आणि ती दर वेळी हनुवटी धरून सरळ करायची.

"बोलवलं नव्हतं मी," तो म्हणाला.

"मला कोण बोलावतं? मी येते. सरक."

टाकी पुढच्याच खोलीत होती. डेल्मा आत गेली आणि उभी राहिली.

टेबलाएवढं ते सांबरशिंगी बुडापासून वरपर्यंत मेलं होतं. नुसतं डागाळलेलं नव्हतं, मेलं होतं. कडेची पाच-सहा टोकं तेवढी जिवंत. बाकी सगळ्या हाडावर हिरवं शेवाळ चढलेलं, केसाळ, पाण्याबरोबर हलणारं. एवढं शेवाळ चढायला महिने लागतात. ईस्टरच्या आधीपासूनचे महिने.

क्लॅरी शेजारी येऊन उभा राहिला. त्याने काचेवर बोट टेकवलं, बरोबर त्या शेवाळावर. "बघ. तू म्हणे किडे. कसं हिरवंगार आहे बघ."

डेल्माने टाकीकडे बघितलं, मग त्याच्या बोटाकडे, मग त्या वाकड्या मानेकडे. वर्षभर आपण हनुवटी धरून सरळ करत आलो ती मान कशासाठी वाकडी होती, हे तिला तेव्हा कळलं.

"क्लॅरी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एरवीपेक्षा निम्मा होता, "माझ्या हातात काय आहे?"

"बादली."

"दुसऱ्या हातात?"

त्याने डोळे बारीक केले. मग मान वळवली. "आगाऊपणा करू नकोस."

"काय आहे सांग."

क्लॅरी खुर्चीवर बसला. बाहेर कुणाचं तरी कुत्रं भुंकून थांबलं. "मध्ये धूर आहे," तो शेवटी म्हणाला. "बघावं तिथे बरोबर मध्ये. कडेकडेने दिसतं. मॅकाय शहरातल्या डॉक्टरने सांगितलं, आहे तेवढं टिकवायची इंजेक्शनं देऊ, गेलेलं येणार नाही."

"घेतोयस इंजेक्शनं?"

"एकदा गेलो."

"एकदा."

"तिथे सगळे म्हातारे बसलेले असतात गं."

"आणि तू कोण, नवरदेव?"

त्याला हसू आलं, आणि ते आलेलं त्याला आवडलं नाही. मग त्याने टाकीकडे हात केला. "किती वाईट आहे? खरं सांग."

डेल्माने खरं सांगितलं. बूड गेलंय, मधलं गेलंय, हिरवं दिसतंय ते शेवाळ आहे, जिवंत टोकं पाच-सहा. तो ऐकत राहिला. बंदरातल्या माणसाने खलाशाकडून नुकसान ऐकावं तसा, मध्ये न बोलता.

"म्हणजे ईस्टरला तुला दिलेली फांदी," तो सावकाश म्हणाला, "यातलीच."

"यातलीच."

"मग तुझ्याकडून गेले म्हणून गावभर सांगत फिरलीस ते..."

"ते खरंच आहे. तू मला दिलीस न बघता, कारण तुला दिसत नव्हतं. मी सात जणांना दिली न बघता, आणि मला तर छान दिसतं. आता सांग, जास्त कान कुणाचा उपटायचा?"

क्लॅरीने नाक ओढलं. "त्यांना सांगू नकोस."

"किड्यांचं मी सांगून झालंय, त्यात आणखी काही घालायचं नाही मला. डोळ्यांचं माझ्या तोंडून जाणार नाही. तू सांगशील तेव्हा सांग. पण एक गोष्ट आत्ताच्या आत्ता." तिने तळहात पुढे केला. "गाडीच्या किल्ल्या."

"मी फक्त गावातच चालवतो!"

"गावातच तर माणसं राहतात."

तो उठला. डेल्माला वाटलं, आता दार दाखवतो. तो भिंतीशी गेला, चाचपून खिळ्यावरच्या किल्ल्या काढल्या आणि तिच्या हातात न देता टेबलावर आपटल्या. तिने त्या उचलून एप्रनच्या खिशात टाकल्या.

मग दोघांनी मिळून टाकीत हात घातले. खांद्यापर्यंत भिजले. जिवंत टोकं तिने एकेक करून कापली. क्लॅरीने बादली धरली. मेलेलं हाड बाहेर काढायला नेवला बोलवावं लागलं. तिघांनी ते अंगणात नेऊन ठेवलं तेव्हा क्लॅरीने त्यावरून हात फिरवला. एका जागी, फांद्यांच्या खोबणीत, त्याची बोटं थांबली. "इथे एक खेकडा राहायचा," तो म्हणाला. "वीस वर्षं. म्हणजे तोच नसेल." नेवने मान हलवली आणि तिघेही थोडा वेळ उन्हात उभे राहिले.

टोकं पाच निघाली. टबमध्ये लाल रोलर त्याला मिळाले.

पुढचे आठवडे सोपे नव्हते. दर सोमवारी पुन्हा सगळ्यांना बुडवायचं, झोडपायचं, भिंगाखाली घालायचं. दुसऱ्या सोमवारी बादलीत बारीक किडे सापडले, लिखांतून निसटलेले. तिसऱ्या सोमवारी दोनच. चौथ्याला मर्लिंडाने बादली उन्हात नेऊन, तिरकी करून, पुन्हा पुन्हा बघितली आणि ओरडली, "नाही! एकही नाही!" आणि शेजारचा मच्छीवाला पुन्हा विचारायला आला. डेल्माने मात्र कुणाला फांद्या नेऊ दिल्या नाहीत. "शेवटची ऊ दिसली नाही म्हणजे ती नाही असं नसतं," ती म्हणाली, आणि ठरलेली मुदत सगळ्यांना पाळायला लावली. काही फांद्या तरीही गेल्या. हिरव्या रोलरमधल्या तीन पांढऱ्या पडल्या, कापताना जास्त कापल्या गेल्या होत्या. डेल्माने ते कबूल केलं आणि आपल्यातल्या दिल्या. क्लॅरीची पाचातली दोन मेली.

त्या सोमवारांपैकीच एका सोमवारी क्लॅरी, नेवच्या गाडीतून उतरून, सॉसेजचा पाव हातात धरून सगळ्यांसमोर म्हणाला, "मला डोळ्यांनी मधलं दिसत नाही. म्हणून माझी टाकी अशी झाली, आणि किडे माझ्याकडून डेल्माकडे गेले. आता कुणाला काही बोलायचं असेल तर बोला, मी खाताना ऐकतो."

मग बेवन म्हणाला, "निदान तू औषध टाकीत तरी नाही ओतलंस," आणि सगळ्यांचा मोर्चा पुन्हा बेवनकडे वळला.

टब रिकामा झाला तेव्हा आंब्याचा हंगाम सुरू होत होता. प्रत्येकाने आपापला रंग उचलून नेला. क्लॅरीची लाल रोलरमधली तीन टोकं तेवढी डेल्माच्याच टाकीत राहिली. डेल्माने आपल्या टाकीत एक पिवळी चिमुकली मासोळी आणून सोडली, दिवसभर दगडांच्या फटींत किडे वेचत हिंडणारी. पण भरवसा मासोळीवर ठेवला नाही. आता नवी फांदी कुणाचीही असो, औषधाच्या बादलीतून गेल्याशिवाय तिच्या दुकानाचा उंबरा ओलांडत नाही. पुढच्या थंडीतल्या अदलाबदलीला तिने हॉलच्या दारातच बादली ठेवली आणि हातात पिचकारी घेऊन उभी राहिली. दोघं-तिघं कुरकुरले. बाकीचे रांगेत आले.

क्लॅरी इंजेक्शनांना जातो आता. मॅकायला न्यायचं काम मर्लिंडाने घेतलंय. ती म्हणते, रांगेतल्या म्हाताऱ्या बायकांशी तो इतक्या गप्पा मारतो, की त्याला उठवून आणावं लागतं. महिन्यातून एकदा तो केस कापायला येतो, आणि डेल्मा त्याची खुर्ची आरशाकडे न करता टाकीकडे वळवते, थोडी तिरकी, म्हणजे कडेने दिसेल. मान वाकडी केली तरी हनुवटीला हात लावत नाही.

"किती वाढलं?" परवा त्याने विचारलं.

"टोकं दुप्पट झालीत. आणि जांभळी अशी झालीत की बघत राहावं."

"निळी असतील."

"जांभळी आहेत, क्लॅरी. मला दिसतायत."

"माझ्या टाकीत होती तेव्हा निळी होती. निळ्याची जांभळी होत नाहीत. तुझे दिवेच भिकार आहेत."

"माझे दिवे!" डेल्माने कंगवा हवेतच थांबवला. दुसऱ्या खुर्चीतल्या बाईने चांदीच्या कागदांसकट मान वळवून टाकीकडे बघितलं आणि शहाणपणाने काही मत दिलं नाही.